‘मानधन’, ‘वेतन’ की ‘मोबदला’?

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंना पैसे मिळावेत की नाही, या वादावर एक वाचक मराठीत लेख लिहीत आहेत. शीर्षक त्यांनी ‘विद्यार्थी-खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे मानधन द्यावे काय?’ असे योजले आहे, आणि येथे ‘मानधन’ हा शब्द योग्य ठरेल का, अशी त्यांची विचारणा आहे.

माझ्या मते तो योग्य नाही. खेळाडूला मिळणारा पैसा मानाचा की कामाचा, हाच तर त्या वादातला मूळ प्रश्न आहे. शीर्षकातच ‘मानधन’ लिहिले तर वाचकाने लेख उघडण्यापूर्वीच आपण एका बाजूने निकाल देऊन टाकतो.

हा शब्द मोठा रंजक आहे. संस्कृतात ‘मानधन’ म्हणजे ‘मान हेच ज्याचे धन आहे असा’ पुरुष. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’त दुर्योधनाच्या धनुर्धरांना ‘मानधन’ म्हटले आहे आणि त्याला लागूनच ‘धनार्चित’, म्हणजे धन देऊन गौरवलेले, असेही म्हटले आहे. मानाची चाड असलेल्या योद्ध्यालाही राजा द्रव्य देत होता आणि त्यात कवीला काही विसंगती वाटली नाही. मराठीत मात्र समासाचा अर्थ फिरला आणि ‘मानाखातर दिलेले धन’ असा झाला. व्याख्यान संपल्यावर शाल-श्रीफळाबरोबर जे पाकीट हाती येते, त्यात मानधन असते. ते किती आहे हे आधी विचारणे वक्त्याला प्रशस्त वाटत नाही, आणि कमी निघाले तर तक्रारीला जागा नसते. देणाऱ्यावर बंधन नाही आणि घेणाऱ्याला हक्क नाही, ही छटा या शब्दात पुरती मुरलेली आहे. आपल्याकडील अंगणवाडी सेविकांना हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. वर्षानुवर्षे राबूनही हाती पडते ते ‘मानधन’, म्हणून त्या कर्मचारी नव्हेत, असे त्यांना ऐकवले जाते. २०२२ मध्ये गुजरातमधील सेविकांच्या ग्रॅच्युइटीच्या खटल्यात हे मानधन त्या कायद्यापुरते वेतनच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, तेव्हा कुठे या शब्दाची पकड थोडी सैल झाली.

‘वेतन’ लिहावे, तर त्यामागे मालक आणि नोकर हे नाते गृहीत धरावे लागते. डार्टमथ महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाने मार्च २०२४ मध्ये तेरा विरुद्ध दोन मतांनी कामगार संघटना स्थापण्याचा कौल दिला, तेव्हा त्या खेळाडूंचा दावा खराखुरा वेतनाचा होता. (पुढे त्यांनी तो अर्ज मागे घेतला.) अशा प्रसंगी ‘वेतन’ हाच अचूक शब्द आहे, सगळ्या वादाला तो लावता येणार नाही.

कारण पैशाचे इतर प्रकारही आहेत. एड ओबॅनन हे कॅलिफोर्नियातील यूसीएलए विद्यापीठाचे १९९५ च्या विजेत्या बास्केटबॉल संघातले खेळाडू. एका परिचिताच्या घरी त्यांनी संगणकीय खेळात आपलीच अंगकाठी, आपलाच ३१ हा क्रमांक आणि आपल्यासारखाच डावखुरा हात असलेला गडी पडद्यावर धावताना पाहिला. त्यांच्या वाट्याला त्यातला छदामही आला नव्हता. २००९ मध्ये त्यांनी दावा लावला. त्यांच्या मागणीसाठी आपल्याकडे ‘स्वामित्वधन’ हा नेमका शब्द आहे. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव आणि छबी यांच्या व्यापारी वापराचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार तर महाविद्यालये थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली असून २०२५-२६ या वर्षासाठी प्रत्येक संस्थेची कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. याला ‘उत्पन्नातील वाटा’ म्हणावे.

या सर्वांना कवेत घेणारा शब्द म्हणजे ‘मोबदला’. अरबीतून फारसीमार्गे आलेला हा शब्द ‘बदल’, ‘बदली’, ‘बदला’ यांच्याच घराण्यातला असून देवाणघेवाण हा त्याचा गाभा आहे: एकाने काही दिले, म्हणून दुसऱ्याने काही द्यायचे. त्यात नोकरी गृहीत नाही आणि मेहेरबानीही नाही.

‘शिष्यवृत्ती’तील ‘वृत्ती’ म्हणजे उपजीविका. शिकणाऱ्याला निश्चिंतपणे शिकता यावे म्हणून केलेली पोटापाण्याची सोय. अमेरिकेत १९७३ पासून जवळजवळ चार दशके खेळाची शिष्यवृत्ती एकेका वर्षाचीच असे आणि नव्याने द्यायची की नाही हे संस्था ठरवी, त्यामुळे प्रशिक्षकाची मर्जी फिरली तर विद्यार्थ्याचे शिक्षणही धोक्यात येई. जी वृत्ती खेळावर अवलंबून आहे, ती खेळाचा मोबदलाच आहे, फक्त अपुरा आणि रोख नसलेला, असे मला प्रामाणिकपणे वाटते. म्हणूनच तो पुरता मिळावा, या बाजूचा मी आहे. शीर्षकातले ‘पलीकडे’ मात्र काढावे, ती इंग्रजीची सावली आहे. मराठीत ‘शिष्यवृत्तीखेरीज’ म्हणतात.

वाचकांनी न विचारलेला, पण अधिक जपून वापरायचा शब्द ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा आहे. १९५५ मध्ये कोलोरॅडोतील रे डेनिसन या खेळाडूचा अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डोक्याला मार लागून मृत्यू झाला आणि त्याच्या पत्नीने कामगाराच्या वारसाला मिळणारी भरपाई मागितली. १९५७ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. खेळाडू नोकर ठरतील ही धास्ती त्या काळी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेला, म्हणजे एनसीएएला, होती, आणि त्यातूनच हा जोडशब्द घडवून रूढ केला गेला, अशी कबुली संघटनेचे तत्कालीन प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी १९९५ च्या आपल्या पुस्तकात दिली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या तेव्हाच्या मुख्य विधिज्ञ जेनिफर अब्रुझो यांनी २०२१ मध्ये हा शब्द दिशाभूल करणारा ठरवून ‘शैक्षणिक संस्थांतील खेळाडू’ असा प्रयोग केला होता.

तेव्हा शीर्षक ‘महाविद्यालयीन खेळाडूंना शिष्यवृत्तीखेरीज मोबदला द्यावा काय?’ असे करावे, आणि ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द लेखात जेथे संघटनेचे म्हणणे मांडले असेल तेवढ्यापुरता, अवतरणचिन्हांत ठेवावा.