गोळा मध्यावर येईपर्यंत

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तीन आठवडे झाले तरी कुंभाराच्या चाकावर मातीचा गोळा मध्यावर येत नाही, आणि आला असे वाटते तोवर भिंत उचलताना भांडे डोलू लागते, हे वाचले. वाळलेल्या पहिल्या चार वाट्या भाजून घेण्याचे तू ठरवले आहेस, हेही वाचले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

गोळा मध्यावर आणणे हे ताकदीचे काम आहे, असा समज सुरुवातीला बहुतेकांचा होतो. प्रत्यक्षात फिरणारी माती हाताला ढकलत असते आणि हात तिच्यापुढे मागे सरतो, म्हणून ती डोलत राहते. हात जागचा हललाच नाही, तर मातीलाच त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. त्यासाठी कोपर मांडीला घट्ट टेकव, दोन्ही हात एकमेकांना लागलेले ठेव आणि दाब खांद्यातून न देता पुढे झुकलेल्या धडाच्या वजनातून येऊ दे. या वेळी चाक वेगात असावे. गोळा तळव्यांत दाबून सुळक्यासारखा वर चढव, मग वरून दाबत खाली बसव, आणि असे तीन-चार वेळा कर. हात काढताना मात्र झटक्याने काढू नकोस, कारण जमलेला गोळा बहुधा त्याच क्षणी बिघडतो. दाब हळूहळू सैल करत, चाकाचे एक-दोन फेरे होऊ देत हात उचल.

गोळा मध्यावर आला की नाही, हे डोळ्यांनी ठरवू नकोस. ओली माती फिरताना चकाकते आणि ती चकाकी फसवते. डोळे मिटून बोटाचे टोक गोळ्याच्या बाजूला नुसते टेकव. दर फेऱ्याला ठोका लागत असेल, तर अजून काम बाकी आहे. कितीही केले तरी ठोका जात नसेल, तर दोष माती मळण्यात शोध. मातीत एखादी कडक गाठ राहिली असेल, तर चाकावर ती सहसा निघत नाही, गोळा उतरवून पुन्हा मळावा लागतो.

पोकळी करताना बुडाला साधारण पाऊण सेंटीमीटर माती ठेव, आणि बोटांनी मध्यापासून कडेकडे व परत मध्याकडे दाबून बूड घट्ट करून घे. हे राहिले, तर वाळताना बुडाला नागमोडी तडा जाण्याची भीती असते. बुडात साचलेले पाणी प्रत्येक वेळी स्पंजने टिपून घे. पाणी हात सरकण्यापुरतेच हवे. जास्त झाले की भिंत पाणी पिऊन मऊ होते आणि स्वतःचे वजन पेलू शकत नाही.

भिंत उचलताना चाकाचा वेग कमी कर. बोटे वर जाण्याची गती चाकाच्या गतीशी बांधलेली असते, आणि इथे घाई झाली की आतबाहेरची बोटे एकाच उंचीवर राहत नाहीत. आपण घाई केली हे भांडे बाहेरून सांगत नाही. मी शिकत होते तेव्हा एक उंच पेला जमला होता, आणि तो मला इतका आवडला होता की कापायला हात होत नव्हता. शेवटी तार घेऊन काठापासून बुडापर्यंत उभा चिरला आणि दोन्ही अर्धे फळीवर उताणे ठेवले. बुडाजवळ भिंत बोटाएवढी जाड होती, मध्यावर ती अचानक निम्म्यावर आली होती, आणि काठाशी पुन्हा मातीचा जाड पट्टा साचला होता. मध्यावर ज्या जागी मी श्वास सोडून हात ढिला केला होता, नेमकी ती जागा त्या चिरलेल्या कडेवर दिसत होती. तोवर महिनाभर जे कळले नव्हते, ते मला त्या दोन तुकड्यांनी दाखवले.

म्हणून माझा आग्रह आहे की सध्या एकच आकार कर, सरळ नळकांडे, तेही रोज त्याच वजनाच्या गोळ्यातून. अर्धा किलो पुरे. प्रत्येक भांडे ओले असतानाच काप आणि भिंतीची जाडी पाहा. वाटीची पसरट भिंत सरळ नळकांड्यापेक्षा लवकर ढासळते, आणि ती ढासळण्याचे कारण वाटीत शोधणे अवघड जाते.

आता त्या चार वाट्या. त्या तुला प्रिय असतील, हे मी समजू शकते. परंतु भट्टीत साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावर मातीच्या कणांत बांधलेले पाणीही निघून जाते, आणि मग ती कितीही भिजवली तरी पुन्हा चिखल होत नाही. न भाजलेली वाटी मात्र पुन्हा गोळा होऊ शकते. तुझ्या वाट्या पूर्ण वाळल्या असतील, तर उत्तमच, कारण अर्धवट ओल्या मातीपेक्षा कोरडी माती पाण्यात लवकर विरघळते. त्या कुटून बारीक करू नकोस, त्या धुळीतली सिलिका फुप्फुसांना घातक असते. तशाच बादलीत ठेव आणि वरून बुडेल एवढे पाणी सोड. एक-दोन दिवसांनी वरचे पाणी काढून तो लगदा प्लास्टरच्या लादीवर पसर, आणि हाताला चिकटेनासा झाला की मळायला घे.

पुढच्या पत्रात पाच नळकांड्यांच्या भिंतींची जाडी बुडाशी, मध्यावर आणि काठाशी मोजून लिही.

तुझी शुभचिंतक