'एकटेपणा' या सूत्रावर एका कादंबरीचा शोधनिबंध लिहितोय, पण नुसतं कथानकच सांगून होतंय. काय करू?

'एकटेपणा' हा झाला विषय. त्याविषयी ही कादंबरी काय म्हणते, हे तुम्ही अजून ठरवलेलं नाही, म्हणून कथानक सांगावं लागतंय. आधी ते एका वाक्यात लिहा. 'नायक एकटा आहे' यावर कोण वाद घालणार? पण 'नायकाचा एकटेपणा रिकाम्या खोलीत नव्हे, भरल्या घरात वाढतो, आणि अशा प्रसंगांत निवेदक त्याला बोलूच देत नाही' असं म्हटलंत, की ते सिद्ध करायला पानं उलटावी लागतात.

असं वाक्य पहिल्या वाचनात क्वचितच हाती लागतं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचा. प्रत्येक नोंदीत मजकूर जसाच्या तसा, पान क्रमांक, कोण बोलतंय आणि आधी-नंतर काय घडलं एवढं टिपा. आवृत्ती एकच वापरा, नाहीतर पानांचे आकडे जुळवताना रडकुंडीला याल. ३०-४० नोंदींतून सहा-सात निवडा, आणि विरोधात जाणारी एक तरी ठेवाच. भरल्या घरात नायक मनमोकळं बोलतो असा प्रसंग असेल, तर तो मुळीच लपवू नका; हाच अपवाद का, याचा शोध घेतानाच निबंधाला खरा जोर येतो.

बहुतेकांचं घोडं अडतं ते अवतरणापाशी. अवतरण दिलं की काम झालं असं समजून पुढे जातात. त्याच्या निदान दुप्पट जागा विश्लेषणाला द्या: वाक्यं तुटक का आहेत, प्रसंग कोणाच्या नजरेतून दिसतो, नायकाचं नाव न घेता 'तो' का म्हटलंय. निवेदकाचं मत लेखकाच्या नावावर खपवू नका. एमएलए या संदर्भलेखनाच्या पद्धतीत गद्य अवतरण चार ओळींपेक्षा मोठं झालं की अवतरणचिन्हं काढून, समास सोडून वेगळं देतात. एपीए या दुसऱ्या पद्धतीत ४० शब्दांपासून.

समीक्षा जरूर वाचा, पण तुमचं वाक्य कच्चं का होईना, ठरल्यावर. नाहीतर दुसऱ्याचंच म्हणणं आपलं वाटू लागतं.

मसुदा झाला की प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वाचत जा. 'त्यानंतर', 'पुढे' अशी सुरुवात दिसली, की तिथे कथानक शिरलंय. ते वाक्य खोडून त्या परिच्छेदातून काय सिद्ध होतं ते लिहा. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहा.