आमदारांसमोर वाचा बसेल, ही भीती

"साहेबांसमोर गेले आणि तोंडातून शब्दच फुटला नाही, तर?" पुण्यात शिकणाऱ्या, मूळच्या मराठवाड्यातल्या एका विद्यार्थिनीने समुपदेशनात विचारलेला हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्याने ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेवर शिकत होती. पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये मिळतात: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. अर्ज मंजूर होता, पण वर्ष सरत आलं तरी हप्ता नव्हता. मैत्रिणींनी आमदारांना निवेदन द्यायचं ठरवलं आणि बोलायचं काम हिच्या गळ्यात पडलं. घरून वडिलांचा धोशा, "राजकारणाच्या भानगडीत पडू नकोस."

अशा वेळी सगळे दीर्घ श्वासाचे उपाय सुचवतात. आम्ही आधी निवेदन मागितलं. त्यात अकरा मागण्या होत्या, मेसच्या जेवणापासून परीक्षा शुल्कापर्यंत. नेमकं काय मागायचं हेच धूसर असलं की भल्याभल्यांची जीभ अडखळते. तिची निम्मी भीती त्या कागदात होती.

म्हणून प्रश्न बदलला: आमदार यातलं काय करू शकतात? एक, समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांना पत्र देऊ शकतात. दोन, सभागृहात तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री तोंडी उत्तर देतात) किंवा लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी) मांडू शकतात. मग मागण्याही दोनच उरल्या. सोबतच्या यादीतल्या मुलींचे हप्ते का अडले, याची विचारणा करणारं पत्र. आणि हप्त्याची तारीख दरवर्षी ठरलेली असावी, यासाठी सभागृहात प्रश्न. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या बराच आधी द्यावा लागतो. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन धावणाऱ्यांचा हा रस्ता तेव्हा बंद झालेला असतो.

कोणाकडे जायचं? पुण्याचे आमदार जवळ होते, पण आम्ही गावाकडचे सुचवले. "गाव कोणतं?" हा पहिला प्रश्न असतो आणि तिथे घरची मतं असतात. हेच वडिलांनाही सांगायला लावलं: आपण मत दिलेल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीकडे जातोय, कुठल्या पक्षात नाही. अधिवेशनात आमदार मुंबईत, हिवाळ्यात नागपुरात असतात. एरवी शनिवारी-रविवारी सकाळी संपर्क कार्यालयात सापडतात. वेळ स्वीय सहायकांकडून घ्यायची. त्यांना टाळून आत घुसू नये, कारण पुढचं पत्र तेच टाइप करणार असतात.

सराव खोलीतच झाला. एकीने आमदार व्हायचं, मध्येच फोन घ्यायचा, कोणीतरी लग्नपत्रिका घेऊन यायचं. पहिल्या वेळी ती "साहेब, आमच्या खूप अडचणी आहेत" म्हणाली आणि फोन वाजताच गप्प झाली. मग वाक्य ठरलं: "साहेब, मी आपल्या मतदारसंघातली. आम्हा नऊ मुलींचे स्वाधारचे हप्ते अडलेत, सहायक आयुक्तांना आपलं पत्र हवंय." फोन संपला की हेच वाक्य पुन्हा, पहिल्यापासून. सुटा कागद हातात थरथरतो आणि तो पाहून माणूस अधिक घाबरतो, म्हणून कागद पॅडला लावला. आत जाण्याआधी चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. आत फक्त तिघी, बोलणारी एक.

निवेदन एकच पान, प्रती तीन: आमदारांना, स्वीय सहायकांना आणि पोच घ्यायला. तिसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय निघायचं नाही. यादीत नाव, महाविद्यालय, अर्ज क्रमांक एवढंच. आधार आणि बँक खात्याचे क्रमांक अशा कागदावर मुळीच लिहू नयेत, तो किती हातांत फिरेल सांगता येत नाही.

भेट दोन मिनिटांत आटोपली. साहेब "बघतो" म्हणाले आणि ती बाहेर येऊन रडली. या क्षणासाठी मुलांना कोणी तयार करत नाही, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. दारात पन्नास माणसं ताटकळत असताना दोन मिनिटं मिळणं हा अपमान नव्हे. "बघतो" हा होकारही नाही, नकारही नाही. आठवड्याने स्वीय सहायकांना फोन करून पत्राचा जावक क्रमांक मागितला, की त्या शब्दाचं काय झालं ते कळतं.

तिने फोन केला, क्रमांक मिळाला, तो घेऊन ती समाज कल्याण कार्यालयात गेली. फाइल निघाली. योजनेत ७५ टक्के उपस्थिती लागते आणि नऊपैकी सहा जणींची उपस्थिती प्रमाणपत्रं महाविद्यालयाकडून आलीच नव्हती. ती आता दिली आहेत. उरलेल्या तिघींचं कारण कार्यालयाकडून लेखी मागितलं आहे. ठरलेल्या तारखेची मागणी पुढच्या अधिवेशनासाठी आहे. जिल्ह्यात किती अर्ज मंजूर झाले आणि हप्ते कोणत्या तारखांना जमा झाले, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज तिने स्वतः लिहिला. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.