हद्दीबाहेर गेलेली लांडगीण

प्रश्न : अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या ‘ओ-सिक्स’ या लांडगिणीची शिकार कायदेशीर असूनही एवढा क्षोभ का उसळला?

उत्तर : २००६ साली जन्मलेली ही लांडगीण उद्यानातल्या लामार खोऱ्यात दुर्बिणी लावून बसणाऱ्या असंख्य लोकांच्या ओळखीची होती, धिप्पाड एल्क हरणाला ती एकटीने लोळवत असे. डिसेंबर २०१२ मध्ये उद्यानाची पूर्वेकडील हद्द ओलांडून ती बाहेर गेल्यावर, गळ्यात संशोधकांचा पट्टा असतानाही, वायोमिंग राज्यातील शिकाऱ्याच्या गोळीने तिचा जीव घेतला. लांडग्यांमुळे गुरे गमावणाऱ्या पशुपालकांचा राग मला खोटा वाटत नाही. परंतु नकाशावरची रेषा लांडग्याला दिसत नाही, आणि एका गोळीने टोळीची घडीच विस्कटते. तिच्यानंतर तिचा जोडीदार मुलींची टोळी सोडून एकटाच भटकू लागला.