शेळ्या गाभडल्या, घरात गरोदर सून आहे, मांजर हाकलून देऊ का?

प्रश्न असा आलाय की तीन गाभण शेळ्यांनी शेवटच्या महिन्यात गाभ टाकला, कोणीतरी म्हणालं मांजरामुळे होतं, आणि घरात सून पाच महिन्यांची गरोदर आहे.

दादा, मांजर हाकलू नका, उंदीर वाढतील आणि हा रोग उंदरांमार्फत पण मांजरात जातो. रोगाचं नाव टॉक्सोप्लाझ्मोसिस, तो डोळ्याला न दिसणाऱ्या एका परजीवी जंतूमुळे होतो. मांजराला, जास्त करून पिल्लाला, पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून या जंतूची लाखो अंडी पडतात, ती ओल्या मातीत वर्षभरही टिकतात आणि क्लोरिनने मरत नाहीत. मांजर चाऱ्यावर घाण करतं, तेच शेळीच्या पोटात जातं. म्हणून खुराकाची कोठी झाकणाची ठेवा, गव्हाणीत मांजर बसू देऊ नका, त्याला कच्चं मटण घालू नका. घाण रोजच्या रोज उचला, कारण ताजी अंडी लगेच लागण करत नाहीत, त्यांना एक ते पाच दिवस लागतात.

पण मांजरच कारण हे आत्ताच ठरवू नका, ब्रुसेला (गाभ पाडणारा दुसरा जंतू) पण असू शकतो आणि तो पण माणसाला लागतो. पडलेला गाभ, वार उघड्या हाताने कोणीच उचलायची नाही, सुनेने तर गोठ्यात जायचंच नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, ते नमुना घेतील, मग उरलेलं चुना टाकून खोल पुरा. रिपोर्ट येईपर्यंत त्या शेळ्या बाजारात नेऊ नका, दुसऱ्याच्या कळपात रोग जाईल.

सुनेची काळजी मला जास्त वाटते. जगात दरवर्षी अंदाजे १ लाख ९० हजार बाळं टॉक्सोप्लाझ्मोसिसचा संसर्ग घेऊन जन्मतात असं जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१३ मध्ये छापून आलंय, सगळ्यात जास्त भार दक्षिण अमेरिकेत. आईला गरोदरपणात पहिल्यांदा लागण झाली तर बाळाच्या डोळ्याला, मेंदूला इजा होऊ शकते. तिला शेळीचं दूध उकळूनच द्या, पाणी पण उकळून, मटण पूर्ण शिजलेलं, मीठ बघायला अर्धकच्चा तुकडा चाखायचा नाही. कोथिंबीर, मेथी, गाजर माती जाईपर्यंत धुवा, परसात काम करायचं तर हातमोजे घालून. आणि शेळ्या गाभडल्यात हे तिच्या डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा, रक्ताची तपासणी होते, औषधं पण आहेत, फक्त मेडिकलमधून मनाने गोळ्या आणू नका.