पहिल्यांदा बबल टी प्यायचाय, काय मागवू? आणि ते काळे गोळे शाकाहारी असतात का?

बबल टी म्हणजे दूध घातलेला थंड चहा, त्यात हे चावायचे काळे गोळे. आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, हो, शाकाहारी असतात. टॅपिओकाचं, म्हणजे कसावा नावाच्या कंदाचं पीठ, ब्राऊन शुगर आणि पाणी, मुख्यतः एवढंच असतं त्यात. आपला साबुदाणा पण ह्याच कंदाचा, तमिळनाडूत सेलमकडे बनतो तो, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला हे काही परकं खाणं नाहीये. फक्त वरून पुडिंग घालून घेणार असाल तर विचारून घ्या, त्यात जिलेटिन असू शकतं, ते प्राण्यांपासून बनतं.

मी शिकायला तैवानात सिंचूला होतो, तिथे युनिव्हर्सिटीच्या बाहेर चहाची दुकानं एकाला लागून एक, आणि पहिला कप मला लॅबमधल्या एका मैत्रिणीने घेऊन दिला. काउंटरवर तिला साखर किती, बर्फ किती असं विचारलं, मला वाटलं ओळखीची आहे म्हणून विचारतायत, पण नाही, तिथे प्रत्येकालाच विचारतात. पूर्ण साखर, ७० टक्के, अर्धी, ३० टक्के, बिनसाखर, आणि बर्फाचंही तसंच. मग कपाला वरून प्लास्टिकचं सील मारून देतात, तो चांगला हलवायचा आणि ती जाड टोकदार स्ट्रॉ एका फटक्यात आत घुसवायची. पहिल्या घोटाला थंडगार चहा, जरा कडसर, आणि त्याच्यामागून दोन-तीन गोळे एकदम तोंडात. मऊ पण दाताला छान प्रतिकार करणारे. ते चावायचे, तसेच गिळायचे नाहीत, आणि स्ट्रॉने जोरात ओढायचं नाही, नाहीतर गोळा थेट घशात जातो. लहान मुलांना तर देऊच नका.

आता काय मागवायचं. माझं ऐका, पहिल्या वेळी साधा काळ्या चहाचा घ्या, अर्धी साखर, कमी बर्फ, आणि मिळत असेल तर ताजं दूध. बऱ्याच स्वस्त दुकानात दुधाऐवजी क्रीमरची पावडर असते, त्याने जिभेवर एक तेलकट थर राहतो आणि चहाची चवच लागत नाही, मग लोक म्हणतात काय ते गोड पाणी. मेन्यूवर ब्राऊन शुगर मिल्क दिसेल, कपाच्या आतून पाकाचे पट्टे ओघळलेले असतात, फोटोत फार भारी दिसतं, पण त्यात बऱ्याचदा चहाच नसतो, नुसतं दूध आणि पाक. चांगलं लागतं, पण तुम्हाला बबल टी बघायचाय ना, मग ते नंतर कधीतरी. आणि फळांच्या रसाचे जे फुटणारे गोळे असतात ते टॅपिओका नाहीतच, वेगळी गोष्ट आहे ती.

हा चहा तैवानातलाच, १९८० च्या दशकातला. ताईचुंगचं छुन शुई थांग आणि ताइनानचं हानलिन ही दोन दुकानं आम्हीच आधी केला म्हणतात, त्यावर वर्षानुवर्षं कोर्टात केस चालली आणि २०१९ मध्ये कोर्टाने सांगितलं की हा कुणीही बनवू शकतो, पहिला कोण हे ठरवायची गरजच नाही. मला हा निकाल फार आवडतो, कारण त्यामुळेच गल्लीगल्लीत प्रत्येकाची आपली रीत आहे.

खरा फरक गोळ्यांच्या ताजेपणाने पडतो. ते बराच वेळ उकळून, मग झाकून मुरवून पाकात ठेवतात आणि काही तासांतच संपवावे लागतात, नंतर आतून कडक होतात. म्हणून गर्दीच्या दुकानात जा, आणि गोळे आज कधी शिजवले ते बिनधास्त विचारा, चांगला दुकानदार आनंदाने सांगतो. घेतला की लगेच प्या, घरी नेऊन फ्रीजमध्ये ठेवू नका. आणि संध्याकाळी उशिरा नको, चहा कडक असतो, झोप लागणार नाही.