वाचकांचे प्रश्न : मज्जारज्जूची इजा आणि औषधांची परीक्षा

प्रश्न : एम.फार्म.च्या प्रकल्पासाठी पांढऱ्या उंदरांच्या मज्जारज्जूवर वजन टाकून इजा करतो आणि अर्ध्या तासाने औषध देतो. प्राणी आचारसंहिता समितीची मंजुरी आहे. पण एकाच गटातले काही उंदीर दुसऱ्या दिवशी पाय टाकायला लागतात, काहींचे पाय हलतही नाहीत. चुकतंय कुठे?
– एक विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : औषध बाजूला ठेवा, आधी इजा सारखी होते का ते पाहा. १० ग्रॅमचा दांडा १२.५ मिलिमीटरवरून पडला तर मध्यम आणि २५ वरून पडला तर त्याहून गंभीर इजा, हा हिशेब मणका जागचा हलला नाही तरच खरा. नवव्या-दहाव्या मणक्याजवळ धक्का द्यायचा असेल तर आठव्या आणि अकराव्या मणक्याचे काटे (पाठीकडचे टोकदार उंचवटे) चिमट्यांनी घट्ट धरा. श्वासाबरोबर पाठ वरखाली होते. चिमटा सैल राहिला तर धक्क्याचा बराच जोर वाया जातो. मज्जारज्जू उघडा करायला मणक्याच्या हाडात पाडलेली खिडकी दांड्याच्या टोकापेक्षा रुंद हवी, नाहीतर दांडा कडेच्या हाडावर आपटतो आणि मज्जारज्जू वाचतो. मज्जारज्जूवरचं आवरण फाटू देऊ नका. दांडा उसळून दुसऱ्यांदा पडत असेल तर त्या उंदराला दोन इजा झाल्या. धक्का नीट बसला की मागचे पाय आणि शेपटी झटकन हलते. प्रत्येक उंदराच्या नोंदीत हे लिहा.

भूल कोणती देता? केटामाइन हे भुलीचं औषध स्वतःच एनएमडीए ग्राहक रोखतं, म्हणजे चेतापेशीवरच्या ज्या जागी ग्लुटामेट हे पेशींना चेतवणारं रसायन चिकटतं त्या जागा. इजेनंतर हेच रसायन जास्त झालं की पेशी मरतात. तुमचं औषधही त्याच वाटेने काम करत असेल, तर नुसतं सलाइन दिलेल्या गटालाही थोडं संरक्षण मिळतं आणि फरक पुसला जातो. भुलीत उंदीर थंड पडला तरी इजा कमी होते. म्हणून गुदद्वारातलं तापमान ३७ अंशांजवळ राखा. उलट जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात वीज गेली की प्राणीघर तापतं आणि अधू उंदराला स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही. त्या दिवसांत शस्त्रक्रियाच ठेवू नका.

यापुढची शुश्रूषा हाच प्रयोगाचा कणा, आणि ती सर्वांत दुर्लक्षित. इजेनंतर उंदराला लघवी करता येत नाही. दिवसातून दोन-तीन वेळा, रविवारी आणि दिवाळीतसुद्धा, हलक्या हाताने मूत्राशय दाबून रिकामं करावं लागतं. आपोआप रिकामं व्हायला एक-दोन आठवडे जातात. तुंबलं की जंतुसंसर्ग होतो, उंदीर मलूल होतो, गुण घसरतात आणि दोष औषधावर येतो. नरांमध्ये हा त्रास जास्त, म्हणून बहुतेक ठिकाणी माद्या घेतात. अंथरूण मऊ ठेवा, खाणं जमिनीवर द्या, पाण्याच्या बाटलीला लांब नळी लावा आणि वेदनाशामक चुकवू नका.

चाल मोजायला १९९५ची बीबीबी (बासो, बीटी, ब्रेस्नाहान) गुणश्रेणी वापरा : ० म्हणजे हालचाल नाही, २१ म्हणजे निरोगी चाल. मोकळ्या गोल कुंडात चार मिनिटं, दोन निरीक्षक, आणि कोणत्या उंदराला काय दिलं हे दोघांनाही ठाऊक नसावं. औषधाच्या आणि सलाइनच्या कुप्यांवर तिसऱ्या व्यक्तीने सांकेतिक क्रमांक टाकावेत. पहिल्या दिवशी किती गुणांपेक्षा जास्त मिळालेला उंदीर वगळायचा, हे प्रयोगाआधी लिहून सही करा. निकाल पाहून वगळणं ही फसवणूक आहे.

आणखी एक. अर्ध्या तासात औषध कुणाला मिळतं? धडगावच्या डोंगरातला रुग्ण नंदुरबारला पोहोचेपर्यंत काही तास सरतात. एक गट चार तासांनी आणि एक आठ तासांनी औषध देण्यासाठी ठेवा. उपयोगाचं उत्तर तिथेच मिळेल.

प्रश्न : चिंचेच्या झाडावरून पडून भावाचे पाय गेले. दवाखान्यात स्टिरॉइड दिलं नाही. प्राण्यांवर ते लागू पडतं असं वाचलं. वेळ गेली का आमची?
– एक भगिनी, यावल

उत्तर : ताई, हा सल मनात ठेवू नका. मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडने प्राण्यांमध्ये आशा दाखवली होती. १९९०च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत किलोमागे ३० मिलिग्रॅम, मग २३ तास ताशी ५.४ मिलिग्रॅम असा डोस दिला. सगळे रुग्ण धरले तर ठोस फरक दिसला नाही. आठ तासांच्या आत औषध मिळालेले रुग्ण वेगळे काढले तेव्हा थोडा फायदा दिसला. त्याबरोबर जंतुसंसर्ग आणि पोटातल्या रक्तस्रावाचा धोका आहे. २०१३मध्ये अमेरिकेतल्या मेंदू शल्यचिकित्सकांच्या संघटनांनी ते देऊ नये असं सांगितलं. २०१७च्या दुसऱ्या मार्गदर्शनात आठ तासांच्या आत २४ तासांचा पर्याय डॉक्टरांच्या निर्णयावर सोडला आहे. न देणारा डॉक्टर चुकला असं म्हणता येत नाही. आता जपायचं ते असं : दर दोन तासांनी कूस बदला, माकडहाड आणि टाचा रोज पाहा, लघवीची नळी स्वच्छ ठेवा, व्यायाम सोडू नका.

प्रश्न : उंदरांऐवजी आजारी कुत्र्यांवर औषध पाहता येत नाही का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : येतं. डॅशहुंड जातीत मणक्यांमधली चकती सरकून मज्जारज्जू अचानक दाबला जातो आणि कुत्रा मागच्या पायांनी लुळा पडतो. ही इजा कुणी केलेली नसते, मालकाच्या संमतीने उपचार होतात आणि कुत्रा काही तासांनीच दवाखान्यात येतो, अगदी माणसासारखा. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा चाचणीत मिथाइलप्रेडनिसोलोन आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे दुसरं औषध, दोन्हींचा फायदा दिसला नाही.